भाभीची चौकट

मी कॉम्प्युटरचं काम करते असं कळल्यावर बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले आमचे शेजारी मला टीव्हीवर मुंग्या का दिसतात ते विचारायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा मिक्सरच आणून दिला. "तेवढं बघ गं, तुझ्या लाइनीतलंच आहे." वायर तुटली होती, जोडून दिली. पण ते माझ्या लाइनीतलं नव्हतं. माझ्या लाइनीत मशीनला हात लावायची वेळ क्वचितच येते. मी चित्रं काढते.

इमारत बांधायच्या आधी नकाशा लागतो, हे कुणाला समजवावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या सिस्टिमलाही तसाच नकाशा लागतो. फरक एवढाच, की इमारत उभी राहिल्यावर दिसते आणि सिस्टिम कधीच दिसत नाही. पडद्यावर आकडे दिसतात, प्रिंटरमधून कागद येतो. पण आत कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे, कुठली माहिती कुठून निघून कुठे पोचते, हे फक्त माझ्यासारखीने काढलेल्या कागदावर दिसतं. त्याच्या खुणा अगदी थोड्या. गोल म्हणजे एक काम. दोन आडव्या रेघा म्हणजे माहिती साठवायची जागा. बाण म्हणजे माहितीची वाट. चौकोनी चौकट म्हणजे सिस्टिमच्या बाहेरचा कुणीतरी, जो तिला माहिती देतो किंवा तिच्याकडून घेतो. आणि सगळ्या गोलांभोवती एक जाड रेघ, ती सिस्टिमची हद्द. रेघेच्या आत मशीन, बाहेर जग.

बस, एवढंच. शाळेतल्या मुलीला अर्ध्या तासात येईल. तरीही ह्याच चौकटीपायी उल्हासनगरात एका बाईला वाटलं, की मी तिला तिच्या घरच्या धंद्यातून बाहेर काढलं. ती गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी अंबरनाथची एक छोटी गोष्ट सांगायला हवी, कारण उल्हासनगरला जे झालं ते मी अंबरनाथला शहाणी झाले म्हणून झालं.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. सर्टिफिकेटवर तसंच लिहिलं आहे, बाईसाठी वेगळा शब्द तेव्हा छापलेला नव्हता. ऐंशीच्या सुमाराला अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागले. काम पाइपांचं. कुठली टाकी, कुठला पंप, कुठला व्हॉल्व्ह. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचं, चुकलं की दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने शाई खरवडायची आणि नखाने कागद घोटून पुन्हा काढायचं. मग अमोनियाच्या मशीनवर निळ्या प्रती. त्या वासाने पहिले काही महिने डोळे भरून यायचे, नंतर सर्दीसुद्धा व्हायची बंद झाली.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली, थंड हवा, बाहेर चपला काढायच्या. त्या खात्याचे साहेब सिस्टिमचे आराखडे हाताने काढायचे आणि ते त्यांचे त्यांनाच वाचता यायचे नाहीत. एक दिवस आमच्या ऑफिसात येऊन म्हणाले, "तुमच्यात रेघ सरळ कोणाची येते?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी गेले ती परत आलेच नाही. आराखडे काढता काढता ते कशाचे आहेत हे कळायला लागलं, मग संध्याकाळचा कोर्स करून प्रोग्रामिंगही शिकले. पण हात चित्रातच बसला.

तिथली माझी पहिली मोठी शीट म्हणजे स्टोअरची सिस्टिम. स्टोअरमधून रोजच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरच्या खोलीत यायच्या होत्या. त्या माणसाच्या हाताने येणार, मशीनमधून नाही, म्हणून मी तो बाण तुटक रेघेने काढला. शीट सगळीकडे वाटली. सगळीकडून माहिती यायला लागली, स्टोअरकडून एक चिठ्ठी नाही. आमचे साहेब चिडले. मला स्टोअरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवलं.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्याच ऑफिसची पद्धत आहे ना? तुटक लाइन म्हणजे प्रपोज्ड. पाइप बसला की तुम्ही ती सलग करता."

"हो."

"मग मी वाट बघतोय, कधी सलग होते त्याची."

ते बरोबर होते. त्या कारखान्यात तुटक रेघ म्हणजे पुढच्या बजेटमधली गोष्ट. कागद माझा असला तरी वाचणारा आपल्या डोळ्यांनी वाचतो. तेव्हापासून मी एक नियम केला: शीटच्या उजव्या कोपऱ्यात खुणांची यादी द्यायची, आणि ती वाचणाऱ्याच्या भाषेत द्यायची. दुसरं म्हणजे, प्रत्येक साहेब शीट हातात घेतल्यावर आपलं नाव सगळ्यात वर आहे का ते बघतो, हेही तिथेच कळलं. त्यावर मात्र नियम करता आला नाही.

नव्वदनंतर कारखान्यांत कपात सुरू झाली. मी आणि माझ्या खात्यातले पाठारे, दोघांनी नोकरी सोडून अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला एक खोली भाड्याने घेतली. पाठारे बदलापूर गावातले, अविवाहित, दिवसाला मोजके शब्द बोलणारे. मी गिऱ्हाइकाशी बोलून चित्र काढायचं आणि पाठाऱ्यांनी ते बघून प्रोग्राम लिहायचा, अशी वाटणी. त्यांना गिऱ्हाईक आवडायचं नाही, चित्र आवडायचं.

असंच उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातलं एक काम आलं. जीन्स पँट शिवणारं सिंधी कुटुंब. खाली दुकान आणि कटिंगची जागा, वर घर. तीन भावांतला थोरला वारलेला. मधले मोहनभाई पेढीवर बसायचे, धाकटा किशोर कटिंग बघायचा. आणि वरच्या मजल्यावर थोरल्याची बायको, जिला घरदार आणि अख्खी गल्ली भाभी म्हणायची. काम आणलं होतं किशोरने. त्याला कॉम्प्युटरचं वेड. मोहनभाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "मॅडम, लगा दो. ये लड़का नहीं तो सोने नहीं देगा."

जीन्स एका जागी तयार होत नाही, हे मला तेव्हा कळलं. कापड एके ठिकाणी कापायचं, शिलाई दुसरीकडे, धुलाई तिसरीकडे. आणि धुऊन आलेल्या पँटला बटण ठोकणं, लूप लावणं, धागे कापणं हे सगळं आसपासच्या घरांतून बायका करायच्या. ह्या बायका भाभीच्या. कुणाच्या घरी किती माल आहे, कोण बाळंतपणाला गेली, कुणाच्या हाताला सफाई आहे, सगळं भाभीला माहीत. बटणांच्या आणि चेनच्या कपाटाची चावी तिच्या कमरेला. दुकानात ती क्वचितच उतरायची. बायकाच जिना चढून वर यायच्या.

मी माहिती घ्यायला वर गेले की आधी पाणी यायचं आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. सिंधी घरात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत. मला ती अदी म्हणायची, म्हणजे बहीण. बोलायची भरभर, मध्येच जिन्यावरून एखादीला हाक मारायची, "ए शांता, पिछली बार का धागा किसने काटा था, चूहे ने?" आणि परत माझ्याकडे वळून पुढचं सांगायची. मला आवडायची ती. माझ्यासारखीच होती, कामाचं बोलणारी.

चित्र तयार झालं. नियमाप्रमाणे भाभी हद्दीच्या बाहेर, कारण ती सिस्टिमला माहिती देणार. शिलाईवाले, धुलाईवाला, व्यापारी, सगळे असेच बाहेर, चौकटीत. दुकानात सगळ्यांना वाचता यावं म्हणून मी नावं देवनागरीत लिहिली आणि अंबरनाथचा धडा लक्षात ठेवून कोपऱ्यात खुणांची यादी दिली, तीही हिंदीत. गोल: काम. दोन रेघा: जमा माहिती. चौकटीचं शास्त्रातलं नाव लांबलचक इंग्रजी आहे, बाहेरचा घटक अशा अर्थाचं. ते मी सोपं करून लिहिलं: बाहरवाले.

किशोरने ती प्रत हौसेने दुकानाच्या भिंतीवर लावली.

पाठाऱ्यांनी प्रोग्राम लिहून चालू केला. एकेक करून माहिती भरायला घेतली. मग एका सकाळी किशोर स्कूटर घेऊन आमच्या खोलीवर हजर. हेल्मेट काढायचंही भान नाही.

"मॅडमजी, भाभी ने चाबी नीचे फेंक दी."

"कसली चाबी?"

"बटन के कपाट की. बोली, बाहरवालों के पास घर की चाबी नहीं रहती."

मला क्षणभर काही कळेना. पाठाऱ्यांना कळलं. त्यांनी ड्रॉवरमधून शीटची प्रत काढली आणि कोपऱ्यातल्या त्या शब्दावर पेन्सिल टेकवली.

मग किशोरने बाकीचं सांगितलं. थोरला भाऊ गेल्यावर फर्मचे कागद दोघा भावांच्या नावाने नवे झाले होते. भाभीचं नाव कशावरच नव्हतं, तशी कधी गरजच पडली नव्हती. पण अलीकडे दोघा भावांत वेगळं होण्याची कुजबूज चालू होती, आणि त्यात भाभीचं काय करायचं हे कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं. अशा वेळी धंद्याच्या कागदावर भाभीचं नाव पहिल्यांदा आलं ते माझ्या कागदावर. रेघेच्या बाहेर. खाली खुलासा: बाहरवाले.

"और मोहनभाई मुझ पर शक करते हैं. कहते हैं, तूने ही मॅडम से बनवाया."

"आणि तुम्ही?"

"मुझे लगा उन्होंने बोला होगा आपको." त्याने हेल्मेटचा पट्टा उगाच ओढला. "दो दिन से हम बात नहीं कर रहे."

लग्नसराईचा माल अडकला होता. बायका वर जायच्या, भाभी दार लावून घ्यायची. पाठारे मला म्हणाले, "तुम्ही जा. मला हे समजावता येणार नाही." मी शीट गुंडाळून निघाले.

दुकानात मोहनभाई भिंतीकडे पाठ करून बसले होते, म्हणजे माझ्या चित्राकडे पाठ करून. मी सरळ वर गेले. भाभीने दार उघडलं, बस म्हणाली, पाणी आणून दिलं. नुसतं पाणी. पापड नाही. त्या घरात याहून जास्त काही बोलायची गरज नसते.

मी म्हटलं, "भाभी, वो लकीर कॉम्प्युटर की है. घर की नहीं है."

"मैं पढ़ी हुई हूँ, अदी. हिंदी में लिखा है. तुमने अपने हाथ से लिखा है."

"बाहरवाले मतलब मशीन के बाहर. वो सिर्फ़ नक्शा है."

"हमारे ससुर बताते थे," ती म्हणाली, "किसी ने नक्शे पर लकीर खींची, और हम लोग घर में बैठे-बैठे बाहर हो गए. उस वक़्त भी किसी ने बोला होगा, सिर्फ़ नक्शा है."

मी शीट फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांवर तिचेच पितळी डबे ठेवले आणि म्हटलं, "ठीक है. लकीर के अंदर कौन-कौन है, आप पढ़ के बताओ."

ती खाली वाकली. मनाविरुद्ध, पण वाकली. "कटिंग का हिसाब. धुलाई का हिसाब. माल की चिट्ठी."

"आदमी कौन है अंदर?"

"आदमी..." तिने बोट फिरवलं. "आदमी तो कोई नहीं."

"बाहर?"

"मैं. शिलाईवाले. धुलाईवाला. व्यापारी." बोट खाली डाव्या कोपऱ्यात गेलं. "ये कौन है? किशोर? किशोर भी बाहर है?"

भिंतीवरच्या कागदावरही तो तिथेच होता. पण माणूस कुठल्याही चित्रात आधी स्वतःला शोधतो, आणि सापडला की पुढचं बघत नाही. तिने स्वतःचं नाव वाचलं आणि वर निघून आली. दोघा भावांनीही तिचंच नाव वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं.

"किशोर कटिंग की माहिती देता है, इसलिए बाहर," मी म्हटलं.

भाभी आता गुडघ्यांवर बसली होती. बोट पूर्ण शीटभर फिरलं, एकदा, परत एकदा. "और मोहन? मोहन किधर है?"

खरं तर ह्या प्रश्नाची मला भीती होती. "मोहनभाई नाहीत," मी मराठीतच म्हणाले.

"नहीं मतलब?"

"वो मशीन को कुछ माहिती देते नहीं, लेते भी नहीं. सिर्फ़ सही करते हैं."

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती उठून जिन्यापाशी गेली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मोहन! ओ मोहन! ऊपर आ! मैं तो फिर भी बाहर हूँ, तू तो है ही नहीं!"

मोहनभाई धापा टाकत वर आले. मागोमाग किशोर. मोहनभाईंनी खिशातून चष्मा काढला, फरशीवर ओणवे झाले आणि शेअर बाजाराचा कागद वाचावा तसं ते चित्र वाचलं. वाचून झाल्यावर सरळ उभे राहिले. चेहरा पडलेला.

"मॅडम, ऐसा कैसे? फर्म के कागज़ पे तो मेरा नाम है."

"मशीनला नाव कळत नाही, मोहनभाई. तिला फक्त माहिती कळते."

"तो फिर माहिती डाल दो मेरी भी कुछ."

किशोर हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच दोघे एका खोलीत तोंड समोर करून उभे होते.

पण भाभी इतक्यात सोडणारी नव्हती. तिने पदर खोचला आणि विचारलं, "चलो, मशीन के बाहर सब हैं. मान लिया. पर मशीन किसके घर में है, वो किधर लिखा है इसमें?"

हा प्रश्न अचूक होता, आणि माझ्या चित्रात त्याचं उत्तर नव्हतं. असायचंही नसतं. ह्या जातीच्या चित्रात माहिती कुठून कुठे जाते एवढंच दाखवतात. मशीन कुठल्या खोलीत, वायर कुठल्या भिंतीतून, ह्याचं चित्र वेगळं. सिस्टिम एक, पण तिची चित्रं अनेक, आणि एका चित्रात जे दिसतं ते दुसऱ्यात मुद्दाम लपवलेलं असतं, नाहीतर काहीच वाचता येत नाही. हे दुसरं चित्र मी गिऱ्हाइकाला दाखवत नसे. ते वायरमनचं चित्र, गिऱ्हाइकाला काय करायचंय, असं माझं मत. त्या दिवशी ते मत बदललं. माणसांना सगळ्यात जास्त त्याच चित्राशी कर्तव्य असतं: काय कुणाच्या खोलीत आहे.

मी शीट उलटी केली आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलं. खाली दुकान. दुकानात मोठी पेटी, म्हणजे कॉम्प्युटर. तिला वायरने जोडलेलं एक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. टर्मिनलला स्वतःचं डोकं नसतं, सगळा विचार पेटी करते. आणि मग मी जिन्यातून एक वायर वर नेली, भाभीच्या खोलीपर्यंत, आणि तिथे आणखी एक टर्मिनल काढलं. मुद्दाम तुटक रेघेने.

"ये टूटी हुई लाइन क्यों?" किशोरने विचारलं.

"प्रपोज्ड," मी म्हटलं.

"भाभी टाइप करेगी?"

भाभी त्याच्याकडे वळली. "सारी उम्र बटन लगवाए हैं. बटन दबा नहीं सकती?"

मोहनभाई विचारात पडले होते. "मॅडम, ये ऊपरवाला बिना दिमाग़ का है?"

"हो. डोकं खाली."

"हमारे घर में तो उल्टा है," ते म्हणाले. आणि मग भाभीकडे न बघता खिशातून कपाटाची चावी काढून तिच्या डब्यावर ठेवली. ती चावी त्यांनी तोवर कुणाला दिली नव्हती, किशोरलाही नाही.

भाभीने चावी कमरेला लावली नाही लगेच. आधी आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि मग पापड भाजल्याचा वास.

परत आल्यावर मी ट्रेसिंग बोर्डवर लावलं आणि ब्लेडने "बाहरवाले" खरवडून काढलं. त्या जागी काय लिहायचं, यावर बराच विचार केला. शेवटी पाठारे म्हणाले, "देणारे-घेणारे लिहा. तेच तर करतात." तसं लिहिलं. खरवडलेल्या जागी कागद खरबरीत झाला होता, तिथे शाई किंचित फुटली. निळ्या प्रतीत तो शब्द शेवटपर्यंत जाडच दिसायचा. तुटक रेघ मात्र महिन्याभरात सलग झाली. पाठारे स्वतः जिन्यातून वायर न्यायला गेले, आणि परत आले ते खिशात पापड घेऊन.

भाभीला टर्मिनल शिकवायला मी जायचे. ती एका बोटाने टाइप करायची, पण चुकायची नाही. चुकली तर पडद्याला दोष द्यायची. "ये समझता नहीं, अदी, इसका दिमाग़ नीचे है."

गोष्ट इथे संपवली असती तर बरी दिसली असती, पण भाऊ पुढे वेगळे झालेच. चित्राने वाटण्या थांबत नाहीत. किशोरने तीन नंबर कॅम्पात दुकान टाकलं, मोहनभाई जुन्या जागेत राहिले. हे मला उडत उडत कळलं होतं. भाभीचं काय झालं ते कळलं नव्हतं, आणि विचारायला मी गेलेही नव्हते. गिऱ्हाईक सुटलं की सुटलं, असा माझा खाक्या. त्याचं थोडं वाईट वाटतं.

यंदा सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांची झाली तशी आमचीही धावपळ झाली. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले. दोन हजार साल उजाडलं की मशीनला ते शून्य वाटणार. म्हणून जुनी गिऱ्हाइकं शोधून शोधून दुरुस्त्या करत होतो. पाच नंबरहून फोन आला. आवाज ओळखीचा.

"अदी, सुना है मशीन बूढ़ी होने वाली है?"

गेले. जिना तोच. पण पेटी आता वर होती, भाभीच्या खोलीत. दोन टर्मिनल शेजारी शेजारी, दोन मुली बसलेल्या. भिंतीवर माझी जुनी निळी प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या, उलटी लावलेली, म्हणजे मागची पेन्सिलची बाजू बाहेर.

भाभीने सगळं सांगितलं. वाटणीच्या वेळी जातीतली चार वडीलधारी माणसं बसली. दोघांनाही बटण-धाग्याचं शेवटचं काम कोण करणार हा प्रश्न पडला, कारण ते करणाऱ्या बायका दोघांच्याही नव्हत्या, भाभीच्या होत्या. मग ठरलं की ते काम भाभीचं, स्वतःच्या नावाने. पेटीही तिची. आता मोहन आणि किशोर दोघेही आपापला माल तिच्याकडे पाठवतात.

"मग त्या कागदाचा उपयोग झाला म्हणायचा," मी म्हटलं. मला, कबूल करते, ते ऐकायचं होतं.

"कागज़ से कुछ नहीं हुआ, अदी. काम से हुआ. कागज़ तो मैंने बस सबके सामने रख दिया, पढ़ने दो."

मला हे उत्तर पटलं. आमच्या धंद्यात नवीन मुलं येतात ती पडद्यावर माउसने चौकटी काढतात, जगभर एकच खुणा हव्यात म्हणून भांडतात. भांडू देत. खुणा एकसारख्या झाल्या तर चांगलंच आहे. पण चौकटीत नाव आलं की ते नाव वाचायला एक माणूस येतो, तो कुठल्या डोळ्यांनी वाचेल हे कुठल्याच यादीत बसत नाही. त्यासाठी जिना चढून जावं लागतं.

"तो अब नया नक्शा बनेगा ना?" भाभीने विचारलं. "तारीख ठीक कर रहे हो तो साथ में बना दो. इस बार लकीर मेरे घर के चारों तरफ़. और मोहन-किशोर दोनों बाहर."

"दोघंही माल देतात. बाहेरच येणार."

"हाँ, पर मोहन का नाम ज़रूर डालना. पिछली बार बहुत बुरा माना था उसने."

"मोहनभाईंचा माल त्यांचा मुलगा पाठवतो ना आता? नाव त्याचं येईल."

"अदी. रोज़ शाम को आता है. वहाँ, उस कुर्सी पर बैठता है. डालो."

अंबरनाथला परत येऊन शीट काढली. मधोमध भाभीचं काम, भोवती जाड रेघ. बाहेर एका बाजूला किशोर, एका बाजूला मोहनभाईंचा मुलगा. आणि वर उजवीकडे, मोहनभाईंच्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसेल अशा जागी, त्यांची चौकट. आता आमच्या शास्त्रात बाण नसलेली चौकट ही सरळ सरळ चूक असते. मी रेघेच्या आतून त्यांच्याकडे एक बाण काढला आणि त्यावर नाव लिहिलं.

पाठाऱ्यांनी शीट तपासायला घेतली. ते प्रत्येक बाणावर पेन्सिल टेकवत जातात, कुठली माहिती कुठल्या फाइलमधून निघते ते बघतात. पेन्सिल उजवीकडे वर गेली आणि थांबली.

"हा 'पापड' कुठल्या फाइलमधून वाचायचा?"

"वाचायचा नाही," मी म्हटलं. "नुसता द्यायचा."

पाठाऱ्यांनी थोडा विचार केला, बाणावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या बाणाकडे गेले.